खाली बघणारे बाण

होक्काइदोच्या पश्चिम किनाऱ्यावर, रस्त्याकडेच्या विसाव्यात
मक्याचं सूप निवत चाललंय
आणि वाद अजून निळ्या त्रिकोणावरच अडलाय.

'ओनिगिरी म्हणतो आम्ही तिला,' कुमागाई मला समजावतात,
'राष्ट्रीय मार्गाची पाटी. भाताचा मुटका उलटा ठेवलाय, असं समजा.'
चौतीस हिवाळे बर्फ लोटायचं यंत्र चालवलं त्यांनी;
अजून बोलता बोलता उजवा तळहात
मीठदाणी, काड्या, माझी वही
टेबलाच्या कडेला सारत जातो.

होरिगोमे सव्वीस वर्षांचा. त्याच्याकडे फोटो आहेत:
गंजलेल्या ओनिगिरींचे, वेलीने गिळलेल्या एकीचा,
आणि एका पाटीचा, जिच्यातला सात
जुन्या वळणाचा आहे की रंगाऱ्याची चूक,
यावर अर्धा तास गेला.
'कोकुदो' म्हणजे राष्ट्रीय मार्ग, तो सांगतो,
आणि पहिलं अक्षर बदलून लिहिलं तर क्रूर मार्ग.
कानाला दोन्ही सारखेच.
'मी तर कानानेच वाचतो,' तोकुजिरो हसतात,
'कुठला लागलाय ते खड्ड्यात गेल्यावर कळतं.'

त्यांची नजर गेली त्या वर्षी
मिनेकोबाई गाडी शिकल्या. एकसष्टाव्या वर्षी.
त्या चालवतात आणि मोठ्याने वाचतात:
डावीकडे हरिण, उडी मारतंय.
वेग पन्नास.
दगड पडतात. चित्रात तीनच पडलेत.

आज जुन्या किनारी रस्त्याचा शेवटचा दिवस.
दर हिवाळ्यात फाटक पडतं, वसंतात उघडतं;
यंदा डोंगरातून बोगदा निघालाय,
आता पडेल ते पडेलच.

पाचजण एका चिमुकल्या गाडीत. मी मधे, गुडघे हनुवटीशी.
दोन्ही बाजूंना उंच खांबांवरून लाल-पांढरे बाण
खाली बघताहेत, वाळक्या गवताकडे,
तिथे कुणाचं काही पडलंय जणू.
'फेब्रुवारीत या,' कुमागाई म्हणतात.
'पुढे पांढरं, मागे पांढरं, काचेवर पांढरं.
तेव्हा हा दिसला की समजायचं, कड इथे आहे.
रस्ता कुठेय ते तो सांगत नाही.
ते आपलं आपण.'

'तोमानाय,' मिनेकोबाई वाचतात. 'खेकडा, दीपस्तंभ, मागे सूर्य.'
मी वाकून बघतो. नुसता खांब.
दोन नटांची भोकं, त्यांतून गंजाचा ओघळ.
गाव शेजारच्या शहरात मिसळलं, पाटी उतरवली,
होरिगोमे माझ्या कानाशी पुटपुटतो.
नाय म्हणजे ओढा, जुन्या ऐनू भाषेत.
माझ्या भाषेत काय, ते मी त्याला सांगत नाही.

'मागच्या खेपेला सूर्य आधी वाचलास, खेकडा नंतर,' तोकुजिरो.
'खेकडाच तो. सरकला असेल.'
पुढे दोन वळणं कुणी बोलत नाही.
उजव्या हाताला समुद्र, शिसवी, जवळ.

मग फाटक. पिवळं-काळं, पडलेलं.
साडेचारची वेळ होती, आत्ता पावणेपाच;
तो सात आम्हाला भोवला.
फाटकावर पाटी, नवीकोरी, चार ओळींची,
रंगाचा वास काचेच्या आतपर्यंत.
होरिगोमे कॅमेरा उचलतो आणि पुन्हा मांडीवर ठेवतो.
मिनेकोबाई इंजिन बंद करत नाहीत. वाचतही नाहीत.

'का थांबलो?'

'कोल्हा आहे. रस्त्यात बसलाय.'

कुमागाईंचा हात गुडघ्यावरून काहीतरी सारू लागतो, थांबतो.

'मग बसू दे त्याला थोडं,' तोकुजिरो म्हणतात
आणि समुद्राकडची काच
चाचपडत खाली करतात.